अमेरिकी सैन्याची हरवलेली पदकं परत मिळवताना: अर्ज, वारस आणि डबीचं लेबल

अमेरिकेच्या सैन्यदलात सेवा केलेल्या माणसाची पदकं हरवली, किंवा त्याला ती कधी मिळालीच नाहीत, तर सरकारकडून मागवता येतात. अर्ज जातो सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे. तिथे सेवापत्रक तपासून कोणती पदकं देय आहेत ते ठरतं. पदकं मात्र तिथून येत नाहीत. भूदलाची फिलाडेल्फियाहून निघतात, नौदलाची टेनेसीतल्या मिलिंग्टनहून. त्यामुळे सेंट लुईसचं पत्र आधी आणि पाकीट बऱ्याच काळाने, असं झालं तर घाबरू नये.

अर्ज स्वतः माजी सैनिक करू शकतो आणि त्याला सहसा पैसे पडत नाहीत. तो हयात नसेल तर वारस करू शकतो, पण वारस कोण हे दलागणिक बदलतं. भूदलात क्रम असा: पती किंवा पत्नी, मग सर्वांत मोठं अपत्य, आईवडील, सर्वांत मोठं भावंड आणि शेवटी सर्वांत मोठं नातवंड. नौदल, मरीन, तटरक्षक दल आणि हवाई दलात पुनर्विवाह न केलेला जोडीदार, मुलं, आईवडील, भावंडं एवढेच धरतात. नातवंडं त्यात नाहीत. म्हणून आईचे वडील नौदलात असतील तर अर्जावर आई किंवा मामाची सही घ्यावी.

फॉर्मचं नाव स्टँडर्ड फॉर्म १८०. ऑनलाइन अर्जही चालतो. सेवेत असताना वापरलेलं पूर्ण नाव, जन्मतारीख, दल, सेवेचा काळ आणि सेवाक्रमांक लिहायचा. भूदल आणि हवाई दलात १ जुलै १९६९ पासून सेवाक्रमांकाऐवजी सोशल सिक्युरिटी क्रमांक आला, त्यामुळे त्याआधीच्या माणसाचा जुना क्रमांक शोधून ठेवावा. काय हवं आहे ते स्पष्ट लिहा: ‘देय असलेली सर्व पदकं’. नुसती ‘कागदपत्रं’ मागितली तर कागदच येतात. वारसाने मृत्यूचा पुरावा जोडायचा. मृत्यूचा दाखला, अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेचं पत्र किंवा वर्तमानपत्रात छापून आलेली निधनवार्ता, यांपैकी काहीही चालतं. डीडी-२१४ ची, म्हणजे सेवामुक्तीच्या दाखल्याची, प्रत घरात असेल तर जरूर लावा. दुसऱ्या महायुद्धातल्या भूदलाच्या शिपायांसाठी त्या जागी डब्ल्यूडी एजीओ ५३-५५ असतो.

अर्ज अडकतो तो बहुतेक सहीवाचून, किंवा ९० दिवस व्हायच्या आत दुसरा अर्ज पाठवल्यामुळे. सर्वांत मोठी अडचण मात्र आगीची आहे. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या इमारतीत आग लागली आणि १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या माणसांची सुमारे ८० टक्के सेवापत्रकं गेली. हवाई दलाचंही मोठं नुकसान झालं. अशा वेळी केंद्र एनए १३०७५ ही प्रश्नावली पाठवतं आणि शेवटच्या पगाराच्या पावतीसारख्या दुसऱ्या नोंदींवरून सेवा सिद्ध करतं. तुकडीचं नाव आणि ठिकाण जितकं नेमकं द्याल तितकं काम सोपं होतं.

एक हक्क अनेक कुटुंबांना माहीतच नसतो. ७ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ मध्ये कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज (लढलेल्या पायदळ सैनिकाचा बिल्ला) किंवा कॉम्बॅट मेडिकल बॅज (लढाईतल्या वैद्यकीय सैनिकाचा बिल्ला) मिळालेल्यांना १९४७ च्या निर्णयानुसार ब्राँझ स्टार हे पदक देय आहे. सेवापत्रकावर त्याचा उल्लेख सहसा नसतो, म्हणून तो अर्जात नाव घेऊन मागावा. परदेशी सरकारांनी दिलेली पदकं मात्र अमेरिका सहसा पुरवत नाही.

ना सैनिक, ना वारस, अशा संग्राहकाला पदक मिळत नाही. सेवामुक्तीला ६२ वर्षं झाली की सेवापत्रकाची प्रत शुल्क भरून कोणीही घेऊ शकतो, पण पदक बाजारातूनच घ्यावं लागतं. मेडल ऑफ ऑनर या सर्वोच्च शौर्यपदकाची खरेदी-विक्री हा अमेरिकेत गुन्हा आहे.

आता पाकिटाबद्दल, कारण इथेच सर्वांत जास्त नासधूस होते. ब्रिटिश पदकांच्या कडेवर बहुधा सैनिकाचं नाव कोरलेलं असतं. अमेरिकेच्या मोहीम-पदकांवर (एखाद्या युद्धातल्या सेवेबद्दल मिळणाऱ्या पदकांवर) ते नसतं. पदक कोणाचं, हे फक्त सोबतचं पत्र आणि बाहेरचं पत्ता लिहिलेलं पाकीट सांगतं. ती दोन्ही फेकली की उरतं ते कोणाचंही पदक.

पदक ज्या डबीत येतं, तिच्यावरचं लेबल तिचा काळ सांगतं. त्यावरचा सरकारी साठा क्रमांक ८४५५ ने सुरू होतो. हा बिल्ले आणि चिन्हांचा वर्ग. एकूण ११ अंक असतील तर लेबल सप्टेंबर १९७४ पूर्वीच्या पद्धतीचं, १३ असतील तर नंतरच्या. कंत्राट क्रमांकात डीएसए (डिफेन्स सप्लाय एजन्सी, सैन्याला माल पुरवणारी सरकारी संस्था) असेल तर तो १९६२ ते १९७६ चा, कारण १ जानेवारी १९७७ ला त्या संस्थेचं नाव बदलून डीएलए (डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी) झालं. डीएसए१०० नंतरचे दोन अंक आर्थिक वर्षाचे. तेव्हा ते वर्ष १ जुलैला सुरू होई, म्हणून ‘६८’ चं कंत्राट १९६७ च्या उत्तरार्धातलंही असू शकतं.

महायुद्धातल्या सैनिकाचं पदक १३ अंकी डबीत आलं म्हणून ते खोटं ठरत नाही. ते उशिरा दिलेलं सरकारी पदक आहे आणि तसंच नोंदवावं. जुन्या दिसाव्यात म्हणून डब्या अदलाबदल करणाऱ्यांमुळे संग्रहाचं कायमचं नुकसान होतं, कारण ती चूक पुढे कोणालाही सुधारता येत नाही.

ठेवताना पदक, रिबन बार (गणवेशावर पदकाऐवजी लावायची फितीची पट्टी), डबी, पत्र आणि पाकीट एकत्र ठेवा. पाकीट फाडू नका, एका कडेने कापा. स्टेपल काढून टाका, गंज कागदात उतरतो. सेलोटेप लावू नका. पीव्हीसीच्या पिशव्या टाळून पॉलिस्टरच्या वापरा, डबीभोवती आम्लरहित कागद गुंडाळा. पदकाला पॉलिश तर अजिबात लावू नका. ते धातूचा वरचा थर नेतं आणि रिबनवर न जाणारा पांढरा डाग सोडतं.