क्रूझ जहाजावरील प्रवासी सामान : मुभा आणि मनाई

क्रूझ जहाजावर चढताना प्रवाशाने सोबत काय आणावे व काय आणू नये, हे ठरवणारे नियम. हे नियम तिकिटाबरोबर होणाऱ्या वहन-कराराचा भाग असतात, त्यामुळे तिकीट घेणाऱ्याने सामानाची झडती घेण्याचा अधिकारही जहाज कंपनीला दिलेला असतो. जगभर लागू असलेली एकच यादी अस्तित्वात नाही. जहाज ज्या देशाच्या ध्वजाखाली नोंदलेले असते त्या देशाचे कायदे, सागरी सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय करार, वाटेतल्या प्रत्येक बंदराचे नियम आणि कंपनीची स्वतःची धोरणे या सगळ्यांच्या बेरजेतून प्रत्येक कंपनीची यादी तयार होते. म्हणूनच ती वाचताना बंदुकीशेजारी इस्त्री आणि फटाक्यांशेजारी पाण्याची बाटली दिसते आणि वाचणारा गोंधळतो. कोणती मनाई कशासाठी आहे हे कळले की हा गोंधळ बराच कमी होतो. मात्र सर्वच मनाया प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी असतात, असे मानण्याचे कारण नाही.

यादीतील सर्वांत मोठा भाग आगीच्या भीतीतून आलेला आहे. भर समुद्रात अग्निशामक दल बोलावता येत नाही. आग विझवण्याचे काम जहाजाच्या कर्मचाऱ्यांनाच करावे लागते, आणि हजारो प्रवाशांना बोटींत उतरवणे हा शेवटचा व स्वतःच धोकादायक असलेला उपाय ठरतो. समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे ‘सोलास’, टायटॅनिकच्या १९१२ मधील दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये प्रथम झाला. आजचा करार १९७४ चा असून तो १९८० मध्ये अमलात आला. त्यातील अग्निसुरक्षेचे प्रकरण जहाजाच्या भिंती, दारे, पडदे व फर्निचर कशाचे असावे इथपर्यंत जाते. इतक्या काटेकोरपणे बांधलेल्या केबिनमध्ये प्रवाशाने आपल्या बॅगेतून उष्णता निर्माण करणारी वस्तू आणली, तर ती सारी काळजी वाया जाते. त्यामुळे कपड्यांची इस्त्री, वाफेची इस्त्री, पाणी तापवायची किटली, कॉफीचे यंत्र, विजेवर तापणारी शेकपिशवी, मेणबत्त्या आणि उदबत्त्या यांना जवळपास सर्वत्र मनाई असते. केस वाळवण्याचे व सरळ करण्याचे यंत्र बहुतेक कंपन्या चालू देतात. कित्येक जहाजांवर धुलाईच्या सामाईक खोलीत इस्त्री ठेवलेली असते, म्हणजे आक्षेप इस्त्रीला नसून बंद केबिनमध्ये ती चालू राहण्याला आहे.

छोट्या निष्काळजीपणाची किंमत किती मोठी असू शकते, हे २३ मार्च २००६ रोजी ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजावर दिसले. जहाज जमैकाकडे जात असताना पहाटे एका बाल्कनीत आग लागली आणि काही मिनिटांत ती वरच्या मजल्यांवरील बाल्कन्यांपर्यंत पोहोचली, कारण बाल्कन्यांमधील आडभिंती पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकच्या होत्या व त्या भराभर पेटल्या. एका प्रवाशाचा मृत्यू झाला. न विझवता टाकलेली सिगारेट हे आगीचे सर्वांत संभाव्य कारण मानले गेले. पुढे सोलासमध्ये बाल्कनीतील साहित्य व आगीची सूचना देणारी यंत्रणा यांविषयी दुरुस्ती झाली आणि ती २००८ पासून लागू झाली. बाल्कनीत धूम्रपानाला आज बहुतेक कंपन्यांची असलेली बंदीही याच धोक्याशी जोडलेली आहे.

प्रवाशांना सर्वांत अनाकलनीय वाटणारी मनाई सर्ज प्रोटेक्टरवरची आहे. विजेच्या दाबातील चढउतारांपासून उपकरण वाचवणारी ही पट्टी घरात सुरक्षिततेसाठीच वापरतात, मग जहाजावर ती धोकादायक कशी? याचे उत्तर जहाजाच्या वीजवितरणात आहे. घरातील पुरवठ्यात एक तार फेजची व दुसरी न्यूट्रलची असते, आणि न्यूट्रल जमिनीशी जोडलेली असल्यामुळे तिच्यावर जवळजवळ दाब नसतो. बऱ्याच जहाजांवर मात्र ही व्यवस्था पोलादी सांगाड्यापासून मुद्दाम अलग ठेवलेली असते; एखादी तार सांगाड्याला टेकली तरी तेवढ्यावरून सुकाणूचे यंत्र किंवा पंप बंद पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. अशा पुरवठ्यात दोन्ही तारा जिवंत असतात. घरगुती पट्टीचे बटण किंवा ब्रेकर सहसा एकच तार तोडतो, त्यामुळे पट्टी बंद दिसली तरी दुसऱ्या तारेतून दाब राहतोच. शिवाय दाब वाढल्यास विजेला अर्थिंगकडे वाट करून देणारे पट्टीतील घटक जहाजावर कुठे दोष निर्माण झाला तर अशा दाबाखाली येतात, ज्यासाठी ते बनवलेलेच नसतात. ते तापतात आणि पेटूही शकतात. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याविषयी खास सूचना काढली होती. प्रश्न पट्टीच्या दर्जाचा नाही. महागडी पट्टीही तितकीच अयोग्य असते. साध्या एक्स्टेन्शन कॉर्डबाबत कंपन्यांची धोरणे वेगवेगळी आहेत आणि अलीकडे ती कडक होत चालली आहेत, तर फोनसाठीचे यूएसबी चार्जर सहसा चालतात. स्वतःच्या तोलावर चालणाऱ्या विद्युत फळ्या, म्हणजे हॉव्हरबोर्ड, त्यांच्या लिथियम बॅटऱ्या पेटल्याच्या घटनांनंतर यादीत आल्या.

शस्त्रांवरील मनाई वरकरणी उघड वाटते, पण तिची आजची कडक अंमलबजावणी तुलनेने नवी आहे. ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘आकिले लाउरो’ या इटालियन जहाजाचे अपहरण झाले. अपहरणकर्ते जेनोवाहून प्रवासी म्हणूनच चढले होते आणि शस्त्रेही त्यांच्याबरोबरच आली होती. अपहरणात लिऑन क्लिंगहॉफर या चाकाच्या खुर्चीतील अमेरिकी प्रवाशाची हत्या झाली. या घटनेतून १९८८ मध्ये रोम येथे सागरी नौकानयनाविरुद्धच्या बेकायदा कृत्यांना आळा घालणारा करार झाला. तरी जहाजांच्या व बंदरांच्या सुरक्षेची सविस्तर आंतरराष्ट्रीय संहिता यायला २००१ मधील अमेरिकेवरील हल्ले घडावे लागले. ती डिसेंबर २००२ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जुलै २००४ पासून लागू झाली. जहाजावर सुरक्षा अधिकारी असणे, सुरक्षेचा आराखडा असणे आणि चढणाऱ्या माणसांची व सामानाची तपासणी होणे हे तेव्हापासून बंधनकारक आहे. अमेरिकेने २०१८ मध्ये क्रूझ टर्मिनलांसाठी निषिद्ध वस्तूंची स्वतंत्र यादी नियमांत आणली.

बंदुका, दारूगोळा, स्फोटके, तिखट फवारे, विजेचा झटका देणारी साधने, हातकड्या हे सर्व निषिद्ध आहे. खरी बंदूक वाटेल असे खेळणेही अनेक ठिकाणी चालत नाही. चाकूच्या बाबतीत पात्याच्या लांबीची मर्यादा घालतात. ती पुष्कळ कंपन्यांत चार इंच, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर आहे. क्रिकेट किंवा बेसबॉलची बॅट, तिरकमठा, मासेमारीचा भाला यांवरही आक्षेप घेतला जातो, आणि पाणबुड्याचा सुरा जहाजावर जमा करावा लागतो व किनाऱ्यावर उतरताना परत मिळतो.

मद्याच्या नियमांचा पाया मात्र निराळा आहे. कार्निव्हल व रॉयल कॅरिबियन या कंपन्या प्रवासाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलिलीटर वाइनची एक बाटली हातातील सामानातून आणू देतात. बीअर किंवा कडक मद्य चालत नाही. काही कंपन्या याहून सैल आहेत, काही मुळीच आणू देत नाहीत. आणलेली बाटली जेवणघरात उघडली, तर बाटली उघडण्याचे शुल्क वेगळे आकारले जाऊ शकते. बंदरात विकत घेतलेले मद्य चढतानाच ताब्यात घेतात आणि प्रवासाच्या शेवटी परत करतात. यामागे जबाबदार मद्यपानाचे कारण सांगितले जाते. तथापि कार्निव्हलचे सशुल्क पेय-पॅकेज दिवसाला पंधरा मद्यपेयांची मुभा देते, हे पाहता आरोग्याची काळजी हा दुय्यम हेतू असावा असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. मद्यालयाची विक्री हा जहाजाच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे आणि नियम त्या उत्पन्नाचे रक्षण करतात. प्रवाशांनीही पळवाटा शोधल्या : माउथवॉशच्या बाटलीत खाण्याचा रंग टाकलेली व्होडका, पाण्याच्या बाटलीचे बूच पुन्हा बेमालूम बसवून आत भरलेली जिन, सामानाच्या क्ष-किरण तपासणीत दिसू नयेत अशा मऊ पिशव्या. अशा युक्त्यांमुळेच कार्निव्हलने २०१५ मध्ये बाटलीबंद पाणी व शीतपेयांवर बंदी घातली. कॅनमधील मद्यरहित पेये तेवढी ठरावीक संख्येत आणता येतात. तपासणीला लागणारा वेळही या निर्णयामागे होता.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत घरी शिजवलेले अन्न टाळायला सांगतात, कारण जहाजावर पोटाचा संसर्ग झपाट्याने पसरतो आणि अन्न कुठून आले हे कंपनीला माहीत असावे लागते. कारखान्यात बंद केलेली पाकिटे, लहान मुलांचे अन्न व वैद्यकीय आहार चालतो. खरी अडचण किनाऱ्यावर उतरताना येते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ताजी फळे, मांस, बियाणे, माती यांबाबत फार कडक आहेत, आणि न्यूझीलंडमध्ये न सांगता असा पदार्थ नेल्यास ४०० न्यूझीलंड डॉलरचा जागीच दंड होऊ शकतो. जहाजावरच्या न्याहारीतले सफरचंद पिशवीत टाकून धक्क्यावर गेलेला प्रवासी यात सहज सापडतो. कडकपणाची परिसीमा दक्षिण ध्रुवाकडील प्रवासात दिसते. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण संरक्षणाचा पूरक करार १९९१ मध्ये झाला व १९९८ मध्ये अमलात आला. त्यानुसार परकी प्रजाती तिथे नेण्यास मनाई असल्यामुळे उतरण्यापूर्वी प्रवाशांच्या जॅकेटचे खिसे व वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूम क्लीनरने साफ करतात, कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय पुसतात आणि बूट जंतुनाशकात बुडवतात. एखाद्या गवताचे बी हेसुद्धा तिथे निषिद्ध सामान ठरते.

किनाऱ्याचे कायदे आणखी काही अनपेक्षित गोष्टी रोखतात. बार्बाडोस, जमैका व सेंट लुसिया येथे सामान्य नागरिकाने लष्करी ठिपक्यांचे कपडे घालणे गुन्हा आहे. जहाजावर ते चालतील, पण गँगवेवरून, म्हणजे जहाजाच्या उतरणीच्या पुलावरून, किनाऱ्यावर जाताना नाहीत. सिंगापूरमध्ये इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदी आहे. गांजा अमेरिकेतील काही राज्यांत व कॅनडात कायदेशीर असला, तरी तो सीमेपार नेणे आणि अमेरिकी संघीय कायद्याच्या कक्षेत बाळगणे बेकायदेशीर असल्याने डॉक्टरची चिठ्ठी असूनही जहाजावर चालत नाही. इतर औषधांसाठी नियम सोपा आहे : ती मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह आणि हातातील पिशवीत ठेवावीत, कारण धक्क्यावर हमालांकडे दिलेली मोठी बॅग केबिनपर्यंत पोहोचायला संध्याकाळ होऊ शकते. मात्र जपानसारख्या देशात अँफेटॅमिनयुक्त औषध चिठ्ठी असली तरी चालत नाही, त्यामुळे मार्गातील प्रत्येक देशाचा नियम पाहावा लागतो. श्वासासाठीची यंत्रे व चाकाची खुर्ची यांना मुभा असते, परंतु प्राणवायूचे सिलिंडर व विजेची लांब तार यांची पूर्वसूचना कंपन्या मागतात.

ड्रोन बहुतेक कंपन्या चालू देत नाहीत किंवा ताब्यात घेऊन फक्त किनाऱ्यावर वापरायला देतात. उपग्रहाद्वारे इंटरनेट देणारे स्वतःचे डिश व राउटरही आता अनेक याद्यांत आले आहेत. जहाजावरील इंटरनेटही सशुल्कच असते, ही बाब इथे नोंदवण्याजोगी आहे. प्रशिक्षित सेवाकुत्र्यांखेरीज पाळीव प्राणी चालत नाहीत. ‘क्वीन मेरी २’ हे त्याला ठळक अपवाद असून अटलांटिक पार करणाऱ्या त्याच्या फेऱ्यांत कुत्र्यामांजरांसाठी राखीव जागा असते.

तपासणीची रीत बहुतेक टर्मिनलांवर सारखीच आहे. मोठ्या बॅगा हमालांकडे दिल्यावर त्या क्ष-किरण यंत्रातून जातात. संशय आलेली बॅग बाजूला काढून मालकाला बोलावतात आणि ती त्याच्यासमोर उघडतात. इस्त्री किंवा किटली सापडली, तर ती नाव-केबिन लिहून ठेवून घेतात व शेवटच्या दिवशी परत देतात. चोरून आणलेले मद्य काही कंपन्या परत न देता ओतून टाकतात. अमली पदार्थ किंवा शस्त्र सापडल्यास ते बंदराच्या पोलिसांकडे सोपवले जाते, प्रवाशाला चढू दिले जात नाही आणि तिकिटाचे पैसेही परत मिळत नाहीत. मधल्या बंदरांतून परतताना प्रत्येक वेळी पिशव्या पुन्हा यंत्रातून जातात, त्यामुळे पहिल्या दिवशी नजरेतून सुटलेली वस्तू चौथ्या दिवशी सापडू शकते. याद्या वरचेवर बदलतात. प्रवासाच्या तारखेला कंपनीने जाहीर केलेली यादीच बंधनकारक असते आणि अखेरचा निर्णय जहाजाच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे राहतो.