तारण आणि नवविश्वासी (कोकण)

तारण म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेनुसार पापाच्या बंधनातून माणसाची झालेली सुटका आणि देवाशी पुन्हा जुळलेले नाते. येशूचा क्रूसावरील मृत्यू व पुनरुत्थान हा त्याचा पाया. बायबलच्या नव्या करारातील इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (२:८-९) प्रेषित पौल सांगतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे लाभते. कर्माने कोणी ते कमावत नाही. मात्र विश्वास ठेवला की सारे संपले, असे नवा करार कुठेच म्हणत नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखी दुधाची ओढ धरा, म्हणजे तारणात वाढाल, असे येशूचा शिष्य पेत्र लिहितो (१ पेत्र २:२).

ही वाढ कॅथलिक परंपरेत बाप्तिस्मा (पाण्याने दिलेली ख्रिस्ती दीक्षा), दृढीकरण (त्या दीक्षेची पुष्टी), ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर घेणे), प्रायश्चित्त (पापांची कबुली) या संस्कारांतून होते. प्रॉटेस्टंट मंडळ्या (उपासक समुदाय) पश्चात्ताप, साक्ष (विश्वासाची जाहीर कबुली), बायबलचे वाचन आणि विश्वासी जनांच्या संगतीवर भर देतात. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा की नाही, यावर त्यांच्यातही मतभेद आहेत.

कोकण किनाऱ्यावर नवविश्वाशांच्या, म्हणजे नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या, वाढीचा प्रश्न फार लवकर उभा राहिला. गोव्यातील साष्टीत १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी देवळे पाडली. तिथल्या धर्मांतरामागे सत्तेचा दाब होता, हे लपवता येत नाही. अशा लोकांना श्रद्धा आपलीशी कशी वाटावी? १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ हे उत्तर दिले. १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापलेल्या या मराठी ओवीबद्ध काव्यात बायबलची कथा पुराणाच्या घाटात येते. जुनी पुराणे वाचायची नाहीत, तर त्यांच्या जागी आम्हाला काही द्या, अशी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाची मागणी काव्याच्या आरंभीच आहे. नवविश्वाशाची गरज इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडली गेली असेल. बाप्तिस्म्याने नाव बदलते, पण कानाला ओवीच हवी असते. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्धच फर्मान काढले आणि या वाढीची मुळे तोडली.

गोव्याच्या उत्तरेला, आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोटला स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ मध्ये काम सुरू केले. तिथे सत्तेची सक्ती नव्हती, तरी बाप्तिस्मा घेणाऱ्याला घर, सोयरीक आणि पंगत गमवावी लागे. धर्मांतरितांचा वारसाहक्क १८५० च्या कायद्याने राखला, पण जेवायला सोबत बसणारी माणसे कायदा देत नाही. म्हणून मंडळीच नवे गणगोत व्हायची, आणि जिथे ती तशी झाली नाही तिथे नवविश्वासी एकाकी पडला.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावर घेतला. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली, आणि त्यांची पदे मराठी उपासनेत रुजली. १९१७ मध्ये साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांना त्यात स्थान होते.