लाईट गेली की नेट का जातं? घरून काम करणाऱ्या ग्राहकांसाठी

इन्व्हर्टर नवा, लॅपटॉप चालू, तरी लाईट गेली की मिटिंग तुटते. अशा तक्रारीवर माणूस पाठवला की बहुतेक वेळा इन्व्हर्टर ठणठणीत निघतो. फायबर नेटचा डबा (मोडेम) मात्र हॉलमध्ये टीव्हीमागच्या सॉकेटला असतो आणि त्या सॉकेटला इन्व्हर्टरची लाईन नसते. जुन्या घरांत ही लाईन दिवे-पंख्यांपुरतीच ओढलेली असते. लाईट क्षणभर जाऊन आली तरी डबा बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि नेट यायला दोन-चार मिनिटं जातात.

आम्हाला फोन करण्याआधी मेन स्विच 10 मिनिटं बंद ठेवून पाहा. डब्याचे दिवे विझले, तर लाईनचाच प्रश्न आहे. राउटर वेगळा असेल तर दोन्ही डबे बघा. दिवे चालू आहेत पण एलओएसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला आहे, तर दोष फायबरमध्ये आहे. नेटवाल्याला फोन करा.

उपाय दोन. इन्व्हर्टरच्या बोर्डापासून डब्यापर्यंत वायर ओढणं, हा कायमचा. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर डबा चालू ठेवणारी छोटी बॅटरी, घ्या. त्याआधी डब्याच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. 12 व्होल्ट, 1.5 अँपिअर लिहिलं असेल तर यूपीएसही 12 व्होल्टचाच हवा. अँपिअर जास्त चालतात, कमी नाही.

डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवरचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा, नाहीतर लाईट जाताच तो रिस्टार्ट होतो. पण व्होल्टेज सतत कमी असलेल्या भागात याच मोडमुळे इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जातो. तिथे लॅपटॉपच बरा.

लॅपटॉप 65 वॉट, डबा 12, एलईडी ट्यूब 20, पंखा 75, म्हणजे 172 वॉट. 150 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) नवी बॅटरी एवढ्यावर सहाएक तास काढते. त्यात 180 वॉटचा कूलर जोडलात तर तीन तासही कठीण. मे महिन्यात मोह होतो, हे आम्ही जाणतो. कमी वॉटचा बीएलडीसी पंखा बसवा, तो साधारण 30 वॉट घेतो. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर नकोच, गरम होताना तो एकदम मोठा लोड घेतो.

बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडच्या बोरच्या पाण्यात क्षार फार, ते प्लेटा खातात. घरच्या फिल्टरचंही चालत नाही. उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघा.

कामाचं टेबल 29-30 इंच उंच पुरे, खिडकी स्क्रीनच्या बाजूला असावी. पैसे कमी असतील तर टेबल जुनं चालवा, खुर्ची चांगली घ्या.

घर पाहिल्याशिवाय आम्ही इन्व्हर्टर विकत नाही, यावर काही ग्राहक नाराज होतात. पण लाईन न बघता दिलेला इन्व्हर्टर महिन्याभरात तक्रार घेऊन येतो, त्यात तुमचाही दिवस जातो. पाहणीचे पैसे खरेदी केल्यास बिलातून वजा होतात. दुकानात येताना डब्याच्या अडॅप्टरचा, लॅपटॉप चार्जरचा आणि इन्व्हर्टरच्या बोर्डाचा फोटो मोबाईलमध्ये आणा. किती मीटर वायर लागेल याचा अंदाज तिथेच देतो.