भ्रामक औषधी दावे (बेळगाव सीमाभाग)

हमखास बरे करण्याची हमी देऊन विकली जाणारी, पण ती हमी तपासून सिद्ध न झालेली औषधे व उपचार. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी पट्ट्यात औषधाची पारख 'गुण आला का?' या एकाच प्रश्नाने होते. आपोआप बरे वाटणे आणि औषधाने बरे होणे यांत हा प्रश्न फरक करत नाही, आणि विकणाऱ्याचे सारे त्यावरच चालते. आठवडी बाजार, जत्रा, बसस्थानकाबाहेरचे तंबू ही जुनी ठिकाणे. आता मोबाईलची भर.

कावीळ हे सर्वांत बोलके उदाहरण. दूषित पाण्यातून होणारी 'अ' आणि 'ई' विषाणूंची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूक उतरते. तरी उपचार म्हणून रुग्णाच्या हातांना आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळतात, मग ते चुन्याच्या निवळीत धुवायला लावतात. पाणी पिवळेधमक होते आणि 'बघा, कावीळ उतरली' म्हणून दाखवले जाते. तो रंग साल आणि चुन्याचा असतो. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी पाणी तसेच पिवळे होते. देवडांगरी या वेलीचा रस नाकात सोडण्याची रीत याहून वाईट. नाकातून वाहणारे पिवळे पाणी हे आतल्या नाजूक अस्तराच्या दाहाचे असते, यकृतातल्या पित्ताचे नव्हे. या खटाटोपात मोलाचे दिवस जातात. गरोदर बाईच्या जिवावर 'ई' विषाणूची कावीळ बेतू शकते. पित्तनलिकेत खडा अडकून झालेली कावीळ तर हात धुऊन उतरतच नाही.

खानापूर-चंदगडच्या रानात सर्पदंशाचेही तसेच. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, विषारी सापही कधी विष न सोडता चावतो. वाचलेल्या माणसाचे श्रेय मात्र मांत्रिकाला मिळते. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सुजतही नाही. मंत्र घालून 'उतरले' म्हणेपर्यंत श्वासाचे स्नायू लुळे पडू लागलेले असतात. दंश झालेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या आणि कर्नाटकाच्या २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

झाडपाला म्हणजे थोतांड, असे मात्र मुळीच नाही. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य सापडते. पण मूळ द्रव्य रुग्णांना इतके बाधले की १९७०च्या दशकात त्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्यात बदल करून घडवलेले टोपोटेकॅन हे औषध अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ उजाडले. नरक्याची साल उकळून प्यायल्याने हे औषध मिळत नाही. पारंपरिक औषधांची अशी शास्त्रीय पारख करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था खुद्द बेळगावात आहे, ही इथल्या लोकांना ठाऊक असायला हवी अशी गोष्ट.

जाहिरातींना १९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा लागू होतो. त्याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, मुतखडा, फिट, लठ्ठपणा असे ५४ विकार आहेत. ते बरे करण्याची जाहिरात हाच गुन्हा. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कायदा केंद्राचा, सीमेच्या दोन्ही अंगांना सारखा. अंमल मात्र राज्याच्या अधिकाऱ्यांचा. त्यामुळे कर्नाटकातल्या निपाणीत वाटलेला जाहिरातीचा कागद आणि महाराष्ट्रातल्या कागलात विकलेली पुडी दोन निराळ्या हद्दींत पडतात, आणि तक्रार कुठे द्यायची इथेच माणूस थकतो.

सर्वांत घातक ती जाहिरातीविना, कानोकानी खपणारी बिनलेबलची पुडी. सांधेदुखीच्या अशा पुड्यांत स्टेरॉइड (शरीरातल्याच एका संप्रेरकासारखे, सूज झटपट दाबणारे औषध) मिसळलेले वारंवार सापडले आहे. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो, भूक वाढते, घरचे म्हणतात गुण आला. काही महिन्यांनी चेहरा गोल सुजतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेतलेल्याने ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, कारण शरीराने स्वतःचे तसले संप्रेरक (हार्मोन) बनवणे कमी केलेले असते. अशा वेळी उरलेली पुडी फेकू नये. न लाजता डॉक्टरांपुढे ठेवावी, म्हणजे मात्रा हळूहळू उतरवता येते.