टूथब्रशची हिरड्यांवरील चाचणी

नव्या बनावटीच्या टूथब्रशने हिरड्यांची सूज व रक्त येणे साध्या ब्रशपेक्षा जास्त कमी होते का, हे सोलापुरातल्या रुग्णांवर तपासण्याची ही पद्धत. दात घासणे थांबवले की १० ते २१ दिवसांत हिरड्या सुजतात आणि पुन्हा घासू लागल्यावर साधारण आठवड्यात निवळतात, हे ल्यो व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये दाखवले. म्हणजे नीट घासले तर साध्या ब्रशनेही हिरड्या सुधारतात. नव्या ब्रशने त्यावर किती भर घातली, एवढेच मोजायचे असते. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र मांडणाऱ्या २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार विजेवरच्या ब्रशने तीन महिन्यांनंतर कीटण (दातांवरचा चिकट थर) साध्यापेक्षा २१ टक्के कमी झाले, हिरड्यांची सूज मात्र ११ टक्केच. कीटण घटले म्हणून हिरडी बरी झाली असे म्हणता येत नाही.

फरक लहान, म्हणून माणसे पुरेशी लागतात. हिरडीची सूज ० ते ३ अशी मोजणाऱ्या हिरडी निर्देशांकात ०.३ चा फरक पकडायचा असेल आणि प्रमाण विचलन (माणसामाणसांतल्या आकड्यांचा पसारा) ०.५ असेल, तर प्रत्येक गटात ४४ जण लागतात. पाचवा हिस्सा गळेल हे धरून ५५. एका तोंडात २८ दातांच्या १६८ जागा तपासल्या तरी ते माणूस एकच. जागांनाच माणसे समजून गणित केले की निकाल खोटा ठरतो, आणि ही चूक वारंवार होते.

साधा ब्रश मिळणाऱ्या दुसऱ्या गटालाही तो कोरा व मऊ, तीच पेस्ट आणि घासण्याचे तेच शिक्षण द्यावे. गट चिठ्ठीने ठरवून बंद, अपारदर्शक पाकिटात ठेवतात. कोणता ब्रश मिळाला हे रुग्णाला कळतेच. तपासणाऱ्याला कळू नये, म्हणून ब्रश दुसरीच व्यक्ती देते. दात व हिरडीमधल्या कप्प्याची खोली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असलेले रुग्ण यात घेत नाहीत, कारण खोल कप्प्यात ब्रशचे केस पोचत नाहीत.

तपासनीस आधी वजनकाट्यावर प्रोब (हिरडी तपासायची बारीक सळी) टेकवून २५ ग्रॅम दाबाचा हात बसवतो. तपासणीत आधी रक्त पाहावे, कीटण दाखवणारा लाल रंग नंतर लावावा. उलट केले तर रंगात रक्त दिसत नाही.

सोलापुरात खरी अडचण तंबाखूची. विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रोग असूनही रक्त कमी येते, आणि मध्येच विडी सोडली तर काही आठवडे वाढते. विडी सोडणाऱ्याला अडवू नये, तारीख नोंदवावी. मिश्री लावणाऱ्या बायका ती बोटाने दिवसातून अनेकदा हिरडीवर चोळतात. नवा ब्रश मिळाल्यावर काहींची मिश्री कमी होते आणि श्रेय ब्रशला जाते. म्हणून गट पाडतानाच विडी व मिश्रीनुसार वेगवेगळ्या चिठ्ठ्या काढाव्यात.

पेस्टच्या उरलेल्या वजनावरून वापर मोजतात, पण तीच ट्यूब घरातले सगळे वापरतात. घरासाठी वेगळी ट्यूब दिली तर आकडा विश्वासाचा. संमतिपत्रक मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दूत हवे. पहिला रुग्ण घेण्याआधी आचारसमितीची परवानगी आणि भारतीय चाचणी नोंदवहीत नोंदणी. फेरतपासणी जानेवारीत सोलापूरच्या गड्डा (सिद्धेश्वर) यात्रेच्या दिवसांत ठेवू नये. यंत्रमाग कामगारांना पाळीनुसार सकाळची व संध्याकाळची अशी दोन्ही वेळ द्यावी.