डेंग्यूत प्लेटलेटचा आकडाच सगळं नसतो

"प्लेटलेट 50,000 वर उतरल्या, लगेच पिशवी चढवा!" डेंग्यूच्या वॉर्डात दर पावसाळ्यात नातेवाईकांचा हा आग्रह असतो. काळजी समजते, पण समज चुकीचा आहे. रक्तस्राव नसेल तर साधारण 10,000 च्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट देत नाहीत. उगाच दिल्यास ॲलर्जीचा, फुप्फुसात पाणी होण्याचा धोका. खरा घात करतो तो रक्तवाहिन्यांतून झिरपणारा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, आणि तोही बहुधा ताप उतरताना, घरचे निर्धास्त झाल्यावर. म्हणूनच सिस्टर पुन्हापुन्हा नाडी, रक्तदाब, लघवीचं प्रमाण बघतात, हिमॅटोक्रिटसाठी (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) रक्त घेतात. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, शी काळी झाली, तर त्यांना तत्काळ सांगा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन अजिबात नको. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच.