लिलीचं बी वांझ नसतं हो!

आमच्या इंदूरात रामबागेतल्या कुठल्याही आजींना विचारा, सांगतील की अ‍ॅमरिलिस म्हणजे आपली ती भोंग्यासारखी मोठी लिली फक्त कांद्यानेच, म्हणजे तिच्या कंदानेच, येते, बी टाकून द्या. हे चुकीचंय. बी उगवतं, आणि मस्त उगवतं, फक्त ताजं पाहिजे. लोक शेंग वाळवून पुडीत बांधून पावसाळ्यापर्यंत ठेवतात, तोवर त्यातला जीव गेलेला असतो, मग म्हणतात बी वांझ!

फूल उमललं की दुसऱ्या झाडाच्या फुलातले पराग ब्रशने स्त्रीकेसराच्या टोकाला लावा. साधारण महिना-दीड महिन्यात शेंग पिवळी पडून फुटते, आत काळ्या कागदाच्या चकत्यांसारखं बी. ज्या बीच्या मधे फुगीर दाणा लागतो ते घ्या, नुसती पापडी पोकळ असते. वाटीभर पाण्यावर तरंगत ठेवलं तरी दोन-तीन आठवड्यांत मूळ फुटतं, किंवा सरळ भुसभुशीत मातीत पेरा, वर अगदी पातळ थर, आणि गच्चीवरच्या मे महिन्याच्या उन्हात नका ठेवू प्लीज, सावलीत ठेवा.

हां, फुलायला तीन ते पाच वर्षं लागतात. पहिली दोन-तीन वर्षं पाणी तोडून रोपाला "आराम" देऊ नका, पानं हिरवी राहिली तरच कांदा भरतो. कांद्याच्या पिल्लाचा रंग आईसारखाच येतो, तसा बीच्या रोपाचा येईलच असं नाही. मला तर हेच फार आवडतं, प्रत्येक रोप वेगळं निघतं.